साउथहॅम्प्टनच्या अमेरिकाबाई

अमेरिकाबाईंनी पहिल्याच तासाला आम्हाला विचारलं, "घराची किल्ली, बँकेचं पासबुक आणि घरातल्यांना शिक्षा करायचा अधिकार, हे तिन्ही एकाच माणसाच्या हातात द्यायचं असेल, तर या खोलीतल्या कोणाला देऊ?" आम्ही चार मुलं होतो, त्यांच्या चर्चमधली तीन गोरी आणि मी. तिघांनी माझ्याकडे बोट दाखवलं, बहुधा मीच सगळ्यांत गरीब चेहऱ्याची होते म्हणून. बाईंनी मला नीट निरखलं आणि म्हणाल्या, "हिला तर मुळीच नाही. चांगल्या माणसाला स्वतःच्या चांगुलपणाचा फार भरवसा असतो. तो जास्त घातक." इतक्या प्रेमळ आवाजात इतकं लागेल असं मला कोणी बोललं नव्हतं. बाई मात्र शांतपणे फळ्यावर अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचे तीन भाग काढू लागल्या. माणूस पापी आहे, म्हणून सत्ता वाटून ठेवायची, हा त्यांचा पहिला धडा.

अमेरिकाबाई हे नाव आमच्या मराठी मंडळाने ठेवलेलं. बाई अमेरिकेत राहिल्या त्या फक्त कॉलेजपुरत्या. नगरकडच्या मिशनच्या शाळेतून एका अमेरिकन मॅडमने त्यांना तिकडच्या ख्रिस्ती कॉलेजात पाठवलं होतं. पुढे लग्न होऊन त्या साउथहॅम्प्टनला आल्या, कारण त्यांच्या यजमानांना, डॉक्टरसाहेबांना, इथल्या हॉस्पिटलात नोकरी होती. अमेरिकेतून त्यांनी एकच गोष्ट आणली, ती म्हणजे हा वर्ग. अमेरिकेचं सरकार आणि नागरिकाची कर्तव्यं, ख्रिस्ती दृष्टीतून. इंग्लंडमधल्या मुलांना अमेरिकेचं सरकार कशाला शिकवायचं, असं चर्चमधले लोक विचारत. बाई म्हणत, "स्वतःच्या घरातली धूळ दिसत नाही. आधी शेजाऱ्याच्या घरात बघायला शिकायचं."

मी तिथे गेले ती वेगळ्या कारणाने. माझ्या ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, पॉलिटिक्सला अमेरिकेचा एक पेपर होता आणि शाळेतल्या आमच्या शिक्षिका वर्षाच्या मध्येच सोडून गेल्या होत्या. आई म्हणाली, "बाटवतील पोरीला." आम्ही बौद्ध. बाबा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचे आणि कुठल्याही देवळाची, चर्चची पायरी चढायची नाही, हा त्यांचा नेम होता. पण राज्यघटना हा शब्द ऐकला की बाबा विरघळत. "घटना शिकवतात ना? मग जा," एवढंच ते म्हणाले.

पहिल्या शनिवारी ते स्वतः मला सोडायला आले. बाईंनी दार उघडून ख्रिस्ती रीतीने "सलाम" म्हटलं, बाबांनी "जयभीम" म्हटलं आणि दोघं जरा अवघडून उभे राहिले. मग बाईंनी गाव विचारलं. बाबांनी सांगितलं. बाईंचा चेहरा बदलला. "म्हणजे नदीच्या अलीकडचं. आमचं पलीकडचं. माझे आजोबा महारवाड्यातूनच मिशनमध्ये गेले." बाबा म्हणाले, "म्हणजे बाई, आपण सगळे वेशीबाहेरचेच." त्या दिवसापासून बाई त्यांना दादा म्हणू लागल्या. बाबा मात्र त्यांच्या दारातूनच परतत.

वर्गात बाई आम्हाला धक्के देत, आणि तेही अगदी सावकाश. एकदा त्यांनी अमेरिकेच्या मूळ घटनेतलं गुलामांविषयीचं कलम वाचायला लावलं. राज्याची लोकसंख्या मोजताना गुलाम माणूस पूर्ण एक धरायचा नाही, तीन पंचमांश धरायचा. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "मिस, हे कुणी दुष्ट लोकांनी घुसवलं असेल." बाई म्हणाल्या, "नाही. हे रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या लोकांनी लिहिलं. गाणी चांगली म्हणत असत ते." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "ख्रिस्ती दृष्टी म्हणजे झेंड्याला हार घालणं नव्हे गं. आपलं पाप आधी मोठ्याने वाचायचं, मग दुसऱ्याचं."

तरीही कायद्यावर त्यांची श्रद्धा अपार होती. रस्ता अगदी रिकामा असला, पाऊस पडत असला, तरी सिग्नलवर हिरवा माणूस दिसेपर्यंत त्या फुटपाथ सोडत नसत. डॉक्टरसाहेब पलीकडे जाऊन छत्री धरून त्यांची वाट बघत उभे राहत. "राज्य देवाने नेमलेलं असतं," त्या म्हणत. "कायदा चुकीचा असेल तर बदलायचा. मोडायचा नाही." मी ते परीक्षेच्या उत्तरातसुद्धा लिहिलं होतं.

त्यांच्या चर्चमध्ये ग्रेस नावाची घानाची एक बाई होती. हॉस्पिटलात सफाईचं काम करायची आणि चर्चच्या गाण्यांत तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. ती शिकायला आली होती. तिचा व्हिसा कधीच संपला होता आणि कुणाला ते माहीत नव्हतं. एका रविवारी तिने ते बाईंना सांगितलं. बाईंनी तिला रागावलं नाही. "लपून राहू नकोस. आपण जाऊन खरं सांगू. खरं बोलणाऱ्या माणसाचं सरकारला ऐकावं लागतं." ग्रेस घाबरत होती. बाईंनी तिची समजूत घातली आणि दोघी ट्रेनने लंडनच्या इमिग्रेशन ऑफिसात गेल्या. ग्रेसचं नाव पुकारलं. ती आतल्या दारातून गेली आणि परत आलीच नाही. बाई ऑफिस बंद होईपर्यंत खुर्चीवर बसून राहिल्या. शेवटी एका माणसाने येऊन सांगितलं की तिला ताब्यात घेतलंय, तुम्ही घरी जा. त्याच आठवड्यात तिला विमानात बसवून घानाला पाठवलं.

पुढच्या शनिवारी आम्ही वर्गाला गेलो तर फळा कोरा होता. बाई खिडकीशी बसल्या होत्या, घरातल्याच साडीत, केस न विंचरता. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही बसलो. बाई म्हणाल्या, "मी तिला हाताला धरून नेलं. पोलिसांना शोधावंसुद्धा लागलं नाही." कुणीतरी म्हणालं, "तुम्ही कायद्याप्रमाणेच वागलात, मिस." बाई त्याच्याकडे अशा बघत राहिल्या की त्या मुलाने मान खाली घातली. "हो," त्या म्हणाल्या. "तसंच वागले. मी तुम्हाला शिकवलं होतं ना, कुणावरही पूर्ण भरवसा ठेवू नका. मी सरकारवर ठेवला. जा आज घरी."

वर्ग पुन्हा सुरू झाला, पण बाई पूर्वीच्या राहिल्या नव्हत्या. प्रश्न विचारून उत्तराची वाट बघताना त्या मध्येच कुठेतरी हरवत. त्यांचा ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा सरकारकडे होता. बरीच वर्षं टाळून शेवटी त्यांनी तो केला होता.

त्याच हिवाळ्यात चर्चमध्ये कुमार आला. श्रीलंकेचा तमिळ, म्हाताऱ्यांच्या एका नर्सिंग होममध्ये स्वयंपाकी. त्याला परत पाठवायचा हुकूम निघाला होता आणि तिकडे त्याच्या भावाला सैनिकांनी उचलून नेलं होतं. व्हिकरने, म्हणजे तिथल्या धर्मगुरूने, त्याला चर्चच्या मागच्या खोलीत ठेवून घेतलं. एका शनिवारी मी आणि बाबा बाईंच्या घरी पोचलो तर डॉक्टरसाहेब दारातच कोट चढवत होते. "वर्ग नाही आज," ते म्हणाले. "पोलीस आलेत. ती चर्चच्या दारात उभी आहे." कोटाची बटणं लावत ते म्हणाले, "तिला सांगा हो कुणीतरी. तिचा पासपोर्ट अजून इंडियन आहे. तिला गुन्हेगार ठरवलं, तर तिचंच काय होईल?"

चर्च कोपऱ्यावरच होतं. बाई पायरीवर उभ्या होत्या, साडीवर जाड कार्डिगन, हातात काही नाही. समोर दोन पोलीस. त्यांतला वयाने मोठा होता तो अगदी अदबीने बोलत होता. "मॅडम, कृपा करून बाजूला व्हा." बाई तितक्याच अदबीने म्हणाल्या, "ऑफिसर, तुम्ही तुमचं काम करताय, मला राग नाही. मी कायदा मोडतेय, हे मला ठाऊक आहे. मी पळणार नाही, खोटं बोलणार नाही. पण बाजूला होणार नाही."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. हिरवा माणूस दिसल्याशिवाय रस्ता न ओलांडणाऱ्या त्या बाई. मी बाबांकडे वळले, तर बाबा शेजारी नव्हते. ते पायऱ्या चढत होते. ज्या माणसाने लग्नाच्या निमंत्रणालासुद्धा कधी चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, तो बाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बाईंनी चमकून पाहिलं. "दादा, तुम्ही कशाला?" बाबा समोर बघत म्हणाले, "दार मोठं आहे बाई. एकट्याने अडत नाही." मी हे आईला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही.

पोलिसांनी बाईंना नेलं, बाबांचं नाव लिहून घेतलं आणि सोडलं. आत मात्र ते गेले नाहीत. चर्चमध्ये शिरून माणूस ओढून काढणं त्यांनाही नको होतं. पुढे वकिलाच्या खटपटीने कुमारची केस पुन्हा ऐकली गेली आणि तो राहिला.

कोर्टात वकिलाने बाईंना सांगितलं होतं की गुन्हा नाकबूल करा, आपण सुटू. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कबूल." वकिलाने डोक्याला हात लावला. बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, "बाई, असं का केलंत?" त्या म्हणाल्या, "मोडायचाच असेल तर दिवसाढवळ्या मोडायचा आणि शिक्षा घ्यायची. लपूनछपून मोडला तर आपल्यात आणि चोरात फरक काय?" त्यांना दंड झाला. आणि काही महिन्यांनी नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला गेला. इतकी वर्षं जिने मुलांना नागरिक म्हणजे काय ते शिकवलं, ती या देशाला नागरिक म्हणून चालली नाही. आम्ही सगळे हादरलो. बाई मात्र त्या शनिवारी खडू घेऊन फळ्याशी उभ्या होत्या. विषय होता न्यायसंस्था.

मी शिकायला एडिनबराला गेले, तिथेच नोकरी लागली, आता मीही मुलांना राज्यशास्त्र शिकवते. नव्वदच्या दशकाच्या मध्याला डॉक्टरसाहेब वारले आणि बाईंनी नगरला परत जायचं ठरवलं. मी निरोपाला आले. लांबच्या बस सुटतात त्या कोच स्टेशनवर बाबा त्यांच्या बॅगांपाशी उभे होते, आम्ही दोघी बाकावर बसलो. मी ग्रेसचा विषय कधी काढला नव्हता. त्यांनीच काढला.

"सापडली ती मला," त्या म्हणाल्या. "तिकडच्या चर्चांना फोन करत होते. मागच्या महिन्यात एकदाची बोलली माझ्याशी."

"काय म्हणाली?"

बाई हिथ्रो विमानतळाच्या कोचकडे बघत होत्या. ड्रायव्हर सामान चढवू लागला होता. "माझी सगळी तयारी होती. ती शिव्या देईल, फोन ठेवून देईल, कशाचीही. माझं नाव ऐकून ती जरा थांबली आणि म्हणाली, सिस्टर, त्या दिवशी तुम्ही एकट्याच परत गेलात ना? ट्रेनमध्ये काही खाल्लंत की तशाच गेलात?"

ड्रायव्हरने त्यांची शेवटची बॅग आत ढकलली.

"रागाची तयारी होती गं माझी," बाई म्हणाल्या. "याची नव्हती." मग त्या उठल्या, बाबांना हात जोडले आणि कोचच्या पायऱ्या चढून आत गेल्या.