तोंडाचा रंग

रंगमावशी भांडकुदळ नव्हती, पण तिनं एकदा डूख धरला की सापानंही तिच्याकडे शिकवणी लावावी. नाटक मंडळीत चेहरे रंगवण्यात तिची हयात गेली होती. छटा जमली की नाही, हे ती आधी ब्रश स्वतःच्या मनगटावर ओढून बघायची. त्या मनगटावर लहानपणापासूनचं इसब होतं, तडकलेलं आणि सदा खाजरं. पण सवय ती सवय.

एकदा नायकाच्या ओठाच्या कडेला बारीक फोड दिसले. मावशीनं विचारलं, तर म्हणाला, "दाढी करताना कापलंय. झाक आणि मोकळी हो." ब्रश ओठावरून मनगटावर आणि मनगटावरून ओठावर फिरत राहिला.

आठवडाही झाला नसेल, मावशी तापानं फणफणली. मनगटावर उठलेले फोड कोपरापर्यंत गेले, मग मानेवर, मग चेहऱ्यावर. ते फुटले की खालून लालभडक मांस दिसायचं. पापण्या चिकटल्या. बहिणीनं हाताला धरून तिला दवाखान्यात नेलं.

"ओठावर ताप उठतो ना, त्याचाच विषाणू आहे हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एरवी चार फोड येतात नि जातात. इसबाच्या कातडीवर मात्र तो मोकाट सुटतो. अजून उशीर केला असता तर डोळे गेले असते, कदाचित जीवही."

मावशीला ते दाढीचं कापणं आठवलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

खपल्या गळल्या, आता कुणाला काही लागायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा ती कामावर गेली. तोंडभर डाग होते. रंगपटात सगळ्यांदेखत नायक कडाडला, "कसला रोग घेऊन आलीस गं? आम्हाला लावायचाय का? चल, तोंड काळं कर!" आयुष्यभराची खुर्ची एका वाक्यात गेली. घरी येऊन ती बहिणीला एवढंच म्हणाली, "याचं उट्टं काढल्याशिवाय मी मरत नाही."

पुढे एक दिवस व्यवस्थापक तोंडात साखर घोळवत दारात आला. नायकाचा ओठ पुन्हा उतला होता, नव्या माणसाला तो झाकता येईना आणि दुपारच्या प्रयोगाला बडी मंडळी येणार होती. "झालं गेलं विसरा, मावशी."

"विसरले," मावशी म्हणाली. धादांत खोटं होतं ते.

तिनं हातमोजे चढवले, कोरा ब्रश घेतला. तिसऱ्या अंकात प्रेमाचा प्रवेश, त्यावर हिरवं चांदणं. हिरव्या उजेडात लाल रंग काळा दिसतो, म्हणून त्याच्या ओठांना ती नेहमी तपकिरी लावायची. आज अस्सल लाल लावला, फोडांवरून सढळ हातानं. आरशाच्या पिवळ्या दिव्यांत तो झकास दिसत होता.

"तुझा हात कुणाला यायचा नाही," नायक खूश होऊन म्हणाला.

तिसरा अंक आला, हिरवा दिवा लागला. नायक नायिकेजवळ झुकून म्हणाला, "या ओठांवर विश्वास ठेव." पहिल्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं आणि बघता बघता सगळं नाट्यगृह खदखदायला लागलं. नायिकेनं पाठ फिरवली, तिचे खांदे गदगदत होते. विंगेत उभी मावशी डोळे भरून बघत होती. वाचलेले डोळे होते ते.

पडदा पडताच तो फणफणत आला. "काय केलंस हे?"

मावशीनं ब्रश कचऱ्यात टाकला, हातमोजे उतरवले.

"तुम्हीच सांगितलं होतंत, तोंड काळं कर. कुणाचं, ते तेवढं बोलला नव्हतात."