वडिलांकडून काय काय येतं

माझ्या आत्याइतका संशयी माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नाही, आणि पुण्यात संशयी माणसांची टंचाई आहे असं कुणी म्हणणार नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी झाली. स्फोटकांना ती कधी घाबरली नाही, घाबरायची ती माझ्या खराडीच्या फ्लॅटमधल्या प्लास्टिकच्या डब्यांना. दर रविवारी दोन बस बदलून यायची आणि चपला काढायच्या आधी हवा हुंगायची. "उदबत्ती लावलीस? देवाच्या नावानं केला तरी धूर तो धूरच." एकदा माझे टीम लीडर घरी आले होते, अंगाला भरपूर सेंट फासून. आत्या त्यांना म्हणाली, "आंघोळ करून पाहा. एवढं लागणार नाही." माझ्या नाइट शिफ्टवर तर तिचा दातच होता, आणि ऑफिसच्या पार्टीत मी वाइन प्यायल्याचं कळलं तेव्हा ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तो आठवडा फार शांत गेला.

या वेडाला कारण होतं. आत्याला पंचेचाळिशीत स्तनाचा कर्करोग झाला. ती बरी झाली. मग तिच्या धाकट्या बहिणीला झाला. ती गेली. तेव्हापासून आत्या कारण शोधत होती आणि सापडेल ते वहीत लिहून ठेवत होती.

पुढे डॉक्टरांनी तिला जनुकांची तपासणी करायला सांगितली. दोष निघाला. रिपोर्ट हातात घेऊनच ती आमच्याकडे आली आणि बाबांना म्हणाली, "तू आणि ही, दोघं रक्त द्या."

"अगं, हा बायकांचा आजार," बाबा म्हणाले. "माझ्याकडून हिला काय येणार?"

"तुझं नाक आलंय ना तिला? मग बाकीचं काय कुरियरनं येतं?"

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत आत्यानं मला कशावरूनही एकदाही टोकलं नाही, आणि मला पहिल्यांदाच तिची भीती वाटली. शेवटी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. दोष बाबांमध्ये होता. माझ्यात नव्हता.

"म्हणजे हिला इतर बायकांइतकाच धोका," बाई म्हणाल्या. "तो शून्य नसतो. बाबा, तुम्हाला मात्र अधूनमधून तपासायला यावं लागेल."

बाबांनी मान डोलावली. आत्यानं वही पुढे केली. बाईंनी ती शांतपणे वाचली. "यातल्या बऱ्याच गोष्टींचा पुरावा अजून पक्का नाही. दारू, वाढतं वजन, बसून राहणं, हे खरं. नाइट शिफ्टचाही संशय आहे. जनुकाचा दोष मोठा असतो, पण सगळं एकटा तोच ठरवत नाही. भोवतालचं त्यात भर घालतं. कुणाच्या बाबतीत किती, ते नेमकं सांगता येत नाही."

"आम्ही दोघी एकाच घरात वाढलो," आत्या म्हणाली. "एकाच ताटात जेवलो. मग ती का गेली?"

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

आत्यानं वही मिटली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाचं उत्तर उलटतपासणी न घेता मान्य केलं असावं.

बाहेर आलो तेव्हा लख्ख ऊन होतं. बाबा रिक्षा बघायला पुढे गेले. मला हसू आवरत नव्हतं, पाय हलके झाले होते. आत्यानं माझा हात धरला. कधी धरत नाही ती.

"आम्हा भावंडांपाशीच थांबलं बघ," ती म्हणाली. "बरं झालं."

आणि बाबांनी थांबवलेल्या रिक्षाकडे न बघता ती फुटपाथवरून झपाझप चालू लागली. तिचे डोळे मला दिसू नयेत म्हणून असणार. मीही तिला गाठायची घाई केली नाही.