पट्टीतल्या दोन गोळ्या

करोनाच्या पहिल्या वर्षी आईला तो आजार कुणी दिला, या प्रश्नाचं उत्तर आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ होतं: मी. मांडवीतल्या एका औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट. अख्खं बडोदं दारं लावून बसलं होतं, तेव्हा मी काउंटरमागे उभी राहून खोकणाऱ्या माणसांना औषधं देत होते. घरी आम्ही दोघीच. आल्या आल्या कपडे बादलीत, डोक्यावरून आंघोळ, आणि मगच आईसमोर, तेही मास्क लावून. सहा महिने मी तिच्या शेजारी बसून जेवले नाही.

पितृपक्षात बाबांचं श्राद्ध आलं, रविवारी. मी म्हटलं, यंदा राहू दे. आई ऐकेना. गुरुजींनीसुद्धा घरी यायला नकार दिला आणि मोबाइलवरून मंत्र सांगायचं कबूल केलं, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, अकोट्यात राहणारा माझा थोरला भाऊ येणार म्हणजे येणारच. आला. मास्क हनुवटीवर. खीर खाली लागली होती, घरभर करपट वास सुटला होता, आणि हा दोन वाट्या संपवून म्हणतो, "झकास झालीये." मला तेव्हा बरंच वाटलं. डोकं कुठे गहाण पडलं होतं कोण जाणे.

गुरुवारी संध्याकाळी आईला ताप भरला. श्राद्धाच्या आदल्या दिवशीच मी तापाच्या गोळ्यांची नवी पट्टी आणून ठेवली होती. काढून बघते तर दोन गोळ्या कमी.

"कधी घेतल्यास?"

"रविवारी," आई म्हणाली. "अंग जरा कसकसत होतं."

शनिवारी तिला दवाखान्यात हलवावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? मी रविवार सांगितला. आई समोर खुर्चीत बसली होती, चांगली शुद्धीवर होती. काही बोलली नाही.

ती तिकडे ऑक्सिजनवर आणि इकडे मीही पॉझिटिव्ह, घरात एकटी. कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मागे मोजत बसायचे. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण चार-पाच दिवस लागतात, हे मी दुकानात रोज लोकांना सांगत होते. आईचा ताप गुरुवारचा असता तर बोट नेमकं श्राद्धाच्या रविवारवर पडत होतं. पण ताप रविवारीच आलेला, म्हणजे लागण त्याच्याही आधीची. आणि त्याआधी बाहेरून घरात येणारं माणूस एकच होतं. भावाने सांगितलं, त्याला श्राद्धानंतरच्या शुक्रवारी ताप आला. "उलट आम्हीच तुमच्याकडून घेऊन आलो," तो फोनवर म्हणाला. "जाऊ दे, आता माथाकूट नको." मी त्याची माफी मागितली. हो, मागितली. रडत रडत.

अकरा दिवसांनी आई घरी आली, पण जिना चढताना तिला तीनदा थांबावं लागायचं. ती थांबली की मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायचे. नातेवाईक तोंडावर म्हणायचे, "दुकान सोडता आलं नसतं का?" तेव्हा आई मध्ये पडायची. "असू दे हो, तिने काय मुद्दाम आणलं?" केवढं मोठं मन, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

वर्षाने पुन्हा श्राद्ध आलं. आई फोनवर भावाशी हसून बोलत होती. "या खेपेस ताप घेऊन येऊ नकोस हं. मागच्या वेळी दोन गोळ्या देऊन पाटावर बसवावं लागलं तुला."

मी भाजी निवडत होते. तिचा फोन होईपर्यंत थांबले.

"कुठल्या दोन गोळ्या?"

ती क्षणभर गांगरली, मग म्हणाली, "त्याला दोन दिवस ताप होता. मीच म्हटलं, ये. बापाच्या श्राद्धाला मुलगा नको? आल्या आल्या दोन गोळ्या दिल्या. तुला सांगितलं असतं तर तू त्याला दारातूनच परत पाठवलं असतंस."

"पाठवलंच असतं! आणि डॉक्टरांपुढे का गप्प बसलीस? वर्षभर लोक मला टाकून बोलत होते, तेव्हा?" माझा आवाज शेजारी ऐकू जात असणार. जाऊ दे, म्हटलं. माझ्या आईने मला फसवलं होतं, आणि वर माझी बाजू घेतल्याचं श्रेयही घेतलं होतं.

आईने दम खाल्ला. मग लहान मुलीची समजूत घालावी तसं म्हणाली, "त्याच्यावर आलं असतं तर तो तोंड लपवून बसला असता, इकडे फिरकला नसता. तुझं काय गं, तू कुठे जाणार आहेस?"

अजून पुष्कळ ऐकवायचं होतं मला. पण साडेसहा वाजले होते, तिच्या श्वासाच्या पंपाची वेळ झाली होती. मी उठले, पंप हलवला आणि तिच्या हातात दिला.