चावडीतला डबा आणि रोहिणखेडची मतं

भाऊराव हिवाळे यांच्या लेखनात सात हा आकडा फार यायचा, आणि रंगराव खर्चे यांच्या छापखान्यात सात छापायचे शिशाचे खिळे होते एकोणचाळीस. यावरून दर बुधवारी संध्याकाळी बुलढाण्यात वाद व्हायचा. रंगराव म्हणायचे, एखाद्या गावाची मतं कमी-जास्त करून सातच्या जागी आठ घाला, कोण मोजायला जातंय? भाऊराव म्हणायचे, मी जातो.

ते खरंच जायचे. मोताळ्याच्या जिनिंगात ते काट्यावर कारकून होते. सहा दिवस कापसाच्या गाड्या मोजायच्या आणि सातव्या दिवशी सायकल काढून गावोगावच्या मतदानाचे आकडे गोळा करायचे, हा त्यांचा क्रम होता. एखाद्या गावात बायकांचं मतदान का वाढलं, कोणत्या वस्तीची मतं कुणाकडे सरकली, हे सगळं ते रंगरावांच्या ‘घाटवारा’ या साप्ताहिकात ‘मतपेटीच्या तळाशी’ या सदरात लिहायचे. मतप्रदर्शन शून्य, आकडे भरपूर. दुसरबीडच्या सोसायटीच्या निवडणुकीत त्यांनी अकरा मतांचा फरक पडेल असं लिहिलं आणि फरक अकराच पडला. तेव्हापासून घाटावर आणि घाटाखाली लोक त्यांचा शब्द पंचांगासारखा मानू लागले. खुद्द भाऊरावांना मात्र या कीर्तीचं विशेष काही वाटत नसे. त्यांचा जीव दुसरीकडे अडकला होता.

ते विज्ञानकथा लिहायचे. मंगळावर वस्ती, बोलणारा नांगर, माणसाचं स्वप्न पत्र्याच्या नळीत साठवणारा वैद्य, अशा सहा कथा त्यांनी जिनिंगच्या कोऱ्या पावत्यांच्या पाठीमागे लिहून काढल्या होत्या. त्या पुण्याच्या एका मासिकाकडे जायच्या आणि साभार परत यायच्या. एकदाच सोबत संपादकांची चिठ्ठी आली. कल्पना बऱ्या आहेत, असं त्यात म्हटलं होतं, पण मंगळावरची माणसं ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हणतील हे पटत नाही. भाऊरावांनी उलट टपाली विचारलं, की मग ती काय म्हणतील? या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. त्यांची बायको सिंधूताई परत आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवायची, म्हणजे पुढच्या वेळी नवं पाकीट लागत नसे.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि बासष्टची निवडणूक आली. छापखान्याला उसंत राहिली नाही. उमेदवारांची पत्रकं, मतदारांच्या चिठ्ठ्या, यादीतले अनुक्रमांक, सगळं आकड्यांचं काम. मतदानाच्या आधीच्या बुधवारी भाऊराव सदर घेऊन पोचले तेव्हा खिळे जुळवणारा मोतीराम हात झटकून उभा होता. अक्षरं होती, आकडा एकही मोकळा नव्हता. सगळे आकडे चिठ्ठ्यांत अडकले होते आणि त्या चिठ्ठ्या शुक्रवारपर्यंत सुटणार नव्हत्या. अंकात दीड रकाना रिकामा पडला होता.

भाऊरावांनी पिशवीत हात घातला. आपल्याकडे एक लेखन आहे आणि त्यात एकही आकडा नाही, असं ते म्हणाले. रंगरावांनी कागद उलटेसुलटे केले, लांबी बरोबर दीड रकाना आहे एवढं बघितलं आणि मोतीरामकडे दिले.

कथेचं नाव होतं ‘चावडीतला डबा’. पुढे एक काळ येतो. सरकार प्रत्येक गावाच्या चावडीत एक करडा डबा बसवतं. माणूस डब्यासमोरून गेला की डबा त्याचं मन वाचतो आणि मत परस्पर नोंदवून घेतो. रांगा नाहीत, शिक्का नाही, शाई नाही. शेवटी एक म्हातारी डब्यासमोरून जाते. तिच्या मनात इतकं काही असतं की ते वाचता वाचता डबा तापतो आणि बंद पडतो.

सदराच्या नावाचा आणि भाऊरावांच्या नावाचा एक लाकडी ठोकळा कायमचा कोरून ठेवलेला होता. तो नेहमीच्या जागी वर बसला. तो काढला असता तर तेवढी जागा भरायला पुन्हा मजकूर लागला असता. ‘कथा’ असा शब्द कुठेतरी टाकावा, असं भाऊरावांनी सुचवलं. रंगरावांचं मत पडलं की तो शब्द दिसला की लोक पान उलटतात. भाऊरावांनी हट्ट धरला नाही. माणसाची कथा पहिल्यांदा छापून येत असली की तो फार चिकित्सा करत नाही.

रविवारी अंक गावोगाव गेला. बाकीच्या गावांत काही झालं नाही. रोहिणखेडला झालं, कारण रोहिणखेडच्या चावडीत डबा होता.

तो हिवतापाच्या फवारणीवाल्यांचा होता. पत्र्याची करडी पेटी, तिला समोरून दोन भोकं. औषध संपलं म्हणून ते ती तिथेच ठेवून पुढच्या गावी गेले होते. त्यात या खेपेला मतदानाची रीतही बदललेली. मागच्या दोन निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, आता पेटी एकच आणि कागदावर शिक्का. सरकारी माणसं येऊन तसं सांगूनही गेली होती. एवढं बदलतंय तर तेवढंही बदललं असेल, असं लोकांना वाटलं. पंजाबराव मास्तर दर रविवारी वाचनालयाच्या ओट्यावर ‘घाटवारा’ मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यांनी तो मजकूरही नेहमीच्याच आवाजात वाचला. म्हातारीपर्यंत वाचून झालं तेव्हा निम्मे लोक उठून चावडीकडे गेले होते. पुढचे दोन दिवस गाव त्या पेटीसमोरून स्वच्छ कपडे घालून जात होता.

मतदान झालं, मोजणी झाली. भाऊराव आकडे घेऊन बसले. आजूबाजूच्या सगळ्या गावांत मतदान वाढलेलं. रोहिणखेडला यादीत सहाशे बारा नावं, मागच्या खेपेला मतदान चारशे एक, या खेपेला दोनशे त्रेसष्ट. एकशे अडतीस मतं बेपत्ता होती. भाऊराव सायकलवर रोहिणखेडला गेले, चावडीतली पेटी बघितली, पंजाबराव मास्तरांशी पाच मिनिटं बोलले आणि त्याच गावात राहणाऱ्या आईच्या घरावरून पुढे निघून परत आले. त्या दिवशी त्यांना आईला तोंड दाखवावंसं वाटलं नाही.

रंगरावांना हे कळलं तेव्हा ते आधी हसले आणि मग धंद्याचं बोलले. अंक संपला होता, लोक अजून मागत होते. सहाही कथांचं पुस्तक आपण छापू, असं ते म्हणाले. वेष्टणावर डबा. भाऊरावांनी फक्त पुढच्या सदरात लिहायचं, की लोक हरभऱ्याच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, गेल्यामुळे रोहिणखेडचं मतदान घटलं. नाहीतर आमचा अंक वाचून लोकांनी मतं बुडवली अशी बोंब उठेल, आणि तशा लेखकाचं पुस्तक हा छापखाना काढणार नाही.

भाऊराव विचार करत घरी आले. विचार करण्यासारखं फार नव्हतं. हरभऱ्याची सोंगणी चालू होती, हे खोटं नव्हतं. ती बाकीच्या गावांतही चालू होती, एवढंच लिहायचं नव्हतं. त्यांनी दोन ओळी लिहिल्या. सिंधूताईला वाचून दाखवल्या. तिने विचारलं, पुस्तक किती पानांचं होईल? त्यांनी सांगितलं, शंभराच्या आसपास. ती गाल धरून बसली. तिला फार आनंद झाला होता.

बुधवारी बुलढाण्याला जायच्या आधी, मंगळवारी काम सुटल्यावर, ते आईला भेटायला रोहिणखेडला गेले. पुस्तकाची बातमी तिला आधी सांगावी, असा हेतू होता.

त्यांची आई जनकाबाई ज्वारी पाखडत होत्या. पहिल्या निवडणुकीत त्या पहाटेपासून केंद्रावर जाऊन बसल्या होत्या, दुसऱ्या निवडणुकीतही. ज्यांच्या आईला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्यांना कागदावरच्या नावाची किंमत कळते. भाऊरावांनी सहज विचारलं, या खेपेला रांग मोठी होती का?

“मी कुठी गेली?” जनकाबाई म्हणाल्या. “डब्यासमोरून तीनदा गेली ना. मन एकच ठेवलं, दुसरं काही येऊ देल्लं नाई.”

भाऊरावांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं. तो डबा फवारणीचा होता, आणि लिहिलेलं सगळं मनाने रचलेलं होतं.

“तुहं नाव होतं त्याच्यावर,” त्या म्हणाल्या. “म्या पंजाबरावाले दोनदा इचारलं, भाऊनंच लेह्यलं ना? तो म्हने हाव.”

“गोष्ट होती ते, माय.”

जनकाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. मग त्यांनी विचारलं, “मंग माहं मत कुठी गेलं?”

जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाची मतं कुठून कुठे गेली हे सांगणारा माणूस तिथे बसला होता, आणि त्याला सांगता येईना. त्याला रडू आलं. जनकाबाईंनी त्याला रडू दिलं आणि ज्वारी पाखडून संपवली. मग म्हणाल्या, ज्याचं ज्याचं मत बुडवलं त्याच्या घरी जा. भाऊरावांनी नाक पुसून हिशेब समजावला. मत न दिलेले तीनशे एकोणपन्नास आहेत. त्यातले एकशे अडतीस डब्यामुळे गेले नाहीत आणि बाकीचे असेही गेले नसते, पण त्यातले नेमके कोण कोणते, हे आकड्यावरून काढता येत नाही.

“मंग सगळ्याईच्या घरी जा,” जनकाबाई म्हणाल्या.

बुधवारी त्यांनी सदर दिलं. त्यात हरभरा नव्हता. रोहिणखेडची घट एकशे अडतीस, कारण या सदरात छापलेली गोष्ट, चूक लेखकाची, असं तीन ओळींत होतं. रंगरावांनी ते वाचून चष्मा काढला. पुस्तकाचं विसरा, असं ते शांतपणे म्हणाले. पण सदर त्यांनी छापलं, कारण दुसरा मजकूर नव्हता आणि निवडणूक संपल्यामुळे आकडे मोकळे झाले होते. सिंधूताई त्यावर चार दिवस बोलली नाही, आणि भाऊरावांनी तिला दोष दिला नाही.

रविवारी भाऊराव रोहिणखेडला घरोघर फिरू लागले. पहिलं घर उकंडराव माळ्यांचं. भाऊरावांनी उभ्याउभ्याच सांगितलं, की मी लिहिलेलं खोटं होतं, तुमचं मत माझ्यामुळे गेलं, माफ करा. उकंडरावांनी चहा ठेवायला सांगितलं. ते म्हणाले, की त्या रविवारी ते मळ्यात होते, डब्याचं त्यांनी नुसतं कानावर ऐकलं. काय होतं ते एकदा नीट सांगा. भाऊरावांनी सांगितलं. घरातली सगळी माणसं येऊन बसली. म्हातारी डब्यासमोर उभी राहिली तेव्हा उकंडरावांची बायको पदर तोंडाला लावून ऐकत होती. पुण्याच्या संपादकांनी असं कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या घरी भाऊरावांनी म्हातारीला एक नातू दिला. चौथ्या घरी डब्याला आवाज दिला. डबा ‘काऊन’ म्हणाला आणि घर हसून लोळलं. सातव्या घरी शेजारचे लोक आधीच येऊन बसले होते. भाऊरावांना इतकं सुख आयुष्यात झालं नव्हतं, आणि ते होतंय याची त्यांना लाज वाटत होती, पण थांबवत नव्हतं.

दिवे लागायच्या सुमाराला ते आईच्या घरी आले. जनकाबाईंनी भाकर वाढली आणि विचारलं, किती घरं झाली? नऊ, ते म्हणाले. माणसं एकवीस.

“माफी मागतली का गोष्ट सांगतली?”

“दोन्ही.”

“आधी कोन्तं?”

भाऊरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. “पयल्या घरी माफी,” ते म्हणाले.

जनकाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. पुढच्या रविवारी भाऊरावांनी दुसऱ्या घरापासून पुन्हा सुरुवात केली.