पिवळी रेघ

लेहमध्ये टॅक्सीत बसायच्या आधी मी गाडीचा चासिस नंबर वाचला. बायको म्हणाली, "लोक इथे डोंगर बघायला येतात. तुम्ही पत्रा बघा." मला हसू आलं नाही. चाकणच्या ज्या कारखान्यात मी बारा वर्षं काम करतोय तिथलीच ती गाडी होती, आणि त्या नंबरावरून आम्हाला गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते कळतं. ही तीन वर्षांपूर्वीच्या जूनमधली निघाली.

माझं काम साधं आहे. मशीनने आवळलेले चाकांजवळचे बोल्ट मी पान्याने पुन्हा तपासतो. पाना 'टक्क' वाजला की बोल्ट घट्ट. मग बोल्टवरून शेजारच्या पत्र्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट सैल पडलाच तर रेघ तुटते आणि लगेच दिसतं. ती रेघ म्हणजे माझी सहीच.

त्या जूनमध्ये एका सकाळी लाइनवर निरोप आला, की आकुर्डीच्या दवाखान्यात बायकोला तातडीने ऑपरेशनला आत नेताहेत. माझ्या जागी येणारा माणूस दुसऱ्या टोकाला होता आणि लाइन कुणासाठी थांबत नाही. समोरून गेलेल्या चार गाड्यांना मी पाना न लावताच रेघा ओढल्या, आणि तो येताच पळालो. बायको बरी झाली. त्या चार गाड्यांबद्दल मात्र मी कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. जूनमध्ये आमच्याकडून गाड्या काय थोड्या निघतात? पण मन चिंती ते वैरी न चिंती.

'चांग ला' नावाच्या खिंडीचा चढ लागला आणि वळणावर कुठेतरी 'कट्-कट्' वाजायला लागलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बायको खिडकीला नाक लावून सांगत होती, "हा बघा जांभळा. आणि तो अगदी हळदीचा. झाड म्हणून नाही हो एकसुद्धा." मी हूं हूं करत कान लावून बसलो होतो. प्रत्येक वळणाला मला घाम फुटत होता, तोही त्या थंडीत. माझ्या बायकोला मी माझ्याच हातच्या खोट्या सहीवर बसवून आणलंय, एवढंच डोक्यात होतं.

खिंड उतरल्यावर एका छोट्या तळ्याशी मी गाडी थांबवायला लावली. आवाजाचं ऐकून पन्नाशीचा ड्रायव्हर शांतपणे टपावर चढला, दोरी आवळली आणि म्हणाला, "सर, आपका सिलिंडर बज रहा था." मीच लेहमध्ये हट्टाने भाड्याने घेतलेला ऑक्सिजनचा सिलिंडर. बायको इतकी हसली की तिलाच धाप लागली.

तरी माझं समाधान होईना. जॅकेटसकट गाडीखाली शिरलो. धुळीवर बोट फिरवलं आणि खाली पिवळी रेघ दिसली. सरळ, अखंड. चारही चाकांशी तशीच. ड्रायव्हरचा पाना मागून घेतला आणि एकेका बोल्टवर जोर लावला. एकही तसूभर हलला नाही. तिथेच उताणा पडून मी रडलो, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

बाहेर आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिने माझ्या जॅकेटवरची धूळ झटकली. मग म्हणाली, "ही त्यातली असेल नसेल. बाकीच्यांतही कुणाची तरी बायको बसत असेल ना?"

पुढे पँगाँग तलाव पाहिला, निळा म्हणजे किती निळा असावा तेही पाहिलं. खरंच सुंदर होता. पण तिचा प्रश्न परत रहाटणीच्या घरापर्यंत माझ्याबरोबर आला.

सोमवारी कामावर गेलो. साहेबांकडे जाऊन सगळं कबूल करायचं ठरवलं होतं, पण त्या जूनमध्ये माझ्या जागी आलेल्या माणसाला आधी गाठलं. चाकणजवळच्याच गावचा गडी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कँटीनमध्ये त्याच्यासमोर बसून मी चार गाड्यांचं सांगितलं. तो चहात बिस्किट बुडवत राहिला.

"ठाव हाय," तो म्हणाला. "मी आलो तवा पाना खुंटीलाच हुता, आन् रेघा ओल्या. लाइनवरनं उतरल्यावर चारी गाड्या बाजूला घेतल्या, पाना लावला. समदे बोल्ट घट्ट हुते."

मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाहीस?"

"वहिनी दवाखान्यात हुत्या, राव. तवा काय सांगायचं?" त्याने कप खाली ठेवला. "आन् नंतर तू कदी इचारलंच न्हाईस."