बेंजोवाल्याचा येशू

जीवनला येशू भेटला तो हळदीत, बेंजो वाजवताना. अल्पेशने हे ऐकलं तेव्हा त्याला आधी हसू आलं आणि मग शिसारी.

गाणं कोणतं, तर 'निजलास कसा रे नाखवा'. खाडीकाठच्या खारेपाटात हे गाणं ऐकलं नाही असा कुत्रासुद्धा सापडायचा नाही. दोन लग्नसराया ते मांडवामांडवात वाजत होतं. लिहिणारा कळंबोलीकडचा एक ट्रकवाला. जन्मात होडीत बसला नसेल. नाखवा दारू पिऊन होडीत आडवा झालाय, वारा सुटलाय, बायको त्याला हलवून उठवतेय, एवढाच त्या गाण्याचा जीव.

निजलास कसा रे नाखवा, होरीत भरलं पानी,
ऊठ रं राजा, तुझ्याबिगर तारील मना कोनी.

पुढच्या कडव्यात क्वार्टर, त्याच्या पुढच्या कडव्यात चोळी. अल्पेश मराठीत एम.ए. झाला होता आणि अलिबागच्या एका कॉलेजात तासावर शिकवत होता. असली गाणी लागली की तो खिडकी बंद करायचा.

जीवन त्याचा बालमित्र. जीवनचा बाप बुधाजी मिठागरात राबला आणि मिठागर बंद पडल्यावर दारूच्या दुकानात बसला. तिथून उठला तो थेट सरणावर गेला. मुलगा बेंजो शिकला. बोटं चांगली होती, डोकं बेताचं. हळदीत वाजवणाऱ्याला दारू फुकट असते, त्यामुळे बापाची गादी त्याला आपसूक मिळाली.

"तुला ती रेवसची केसरमावशी म्हाईत हाय ना, सुकटवाली?" उघाडीच्या कठड्यावर बसून जीवन सांगत होता. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांधाला केलेला दरवाजा. संध्याकाळी गावातली रिकामी माणसं तिथे बसत. "तिनं मना सांगलेलं. येशू होडीत निजलेला. वादळ आलं. चेल्यांनी त्याला उठवला. आमी बुडतोय, तुला काय वाटत न्हाय का, म्हनले. त्यो उठला आन् वाऱ्याला बोल्ला, गप. वारा गप."

"सुकट किती घेतलीस?"

"ऐक तर. त्या दिवशी हळदीत मी ह्येच गानं वाजवतोय. मोकार प्यायलो व्हतो. समोर समदी नाचत्यात, कोन पडतंय, कोन उठतंय, आन् समदी मिळून वराडत्यात, ऊठ रं राजा. मना एकदम वाटलं, अरे, ही समदी खरंच बुडत्यात. आन् त्यालाच बोलवत्यात. त्यांना म्हाईत न्हाय, कोनाला बोलवतोय ते."

"तुला माहीत?"

"मना तवा कळला."

"मोकार प्यायलेल्याला असंच सगळं कळतं."

जीवन चिडला नाही. तो हसला. अल्पेशला तेच सहन झालं नाही. त्या हळदीपासून जीवन प्यायला नव्हता, हेही अल्पेशला माहीत होतं. बेंजो पार्टीत राहून न पिणारा माणूस त्याने ऐकला नव्हता, आणि त्याचं श्रेय त्या भिकार गाण्याला द्यावं हे त्याच्या शिक्षणात बसत नव्हतं.

जीवनला आता बाप्तिस्मा हवा होता. पोयनाडला टाइल्सच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी प्रार्थना चाले. तिथल्या पास्टरने अट घातली होती: हळदी सोड, मग पाण्यात उतर. ती गाणी सैतानाची.

"तू चल रविवारी," जीवन म्हणाला. "तू शिकलेला. त्यांना सांग, या गान्याचा असा अर्थ हुतो."

गावात दवाखान्याचा रिपोर्ट आला, जमिनीची नोटीस आली की लोक अल्पेशकडे येत. साहित्याच्या पदवीचा त्यांना तेवढाच उपयोग ठाऊक होता. देवासाठी साक्षीला बोलावणारा जीवन पहिलाच.

अल्पेश जीवनच्या आईकडे गेला. पोराला आईच आवरेल, असं त्याला वाटलं. ठमाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात ती धवले गाते. भटजी येवो न येवो, धवलारणीने गायल्याशिवाय लग्न लागलं असं जुनी माणसं मानत नाहीत. अशी बाई मुलाला येशूच्या नादी लागू देईल कशी?

ठमाबाई तांदूळ पाखडत होती. "त्याच्या बापासाठी मी समदे देव केले," ती म्हणाली. "एकानं तरी बाटली सोडवली त्याची? ह्याची सुटली. गान्यानं सुटली."

"काकी, गाण्याने कुठे दारू सुटते?"

"मी गान्यानं लगनं लावतंय. लागल्यात ना? तुझ्या आईबापाचं मीच लावलंय."

 ठमाबाईने सूप आपटलं आणि अल्पेशने चपला घातल्या. आई तशी मुलगा, असं म्हणत तो घरी आला. रविवारी तो जीवनच्या बाइकवर बसला, ते एकदाचं खरं बोलून मोकळं व्हायला.

हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. पास्टर धनेश तरुण होता, शर्टाचं गळ्याचं बटण लावलेला, प्रत्येकाला ब्रदर आणि सिस्टर म्हणणारा. त्याचं मराठी सुट्टीवर आल्यासारखं होतं. आधी स्तुतिगीत झालं. चाल एका गाजलेल्या सिनेगीताची होती, नायिका भिजते त्या गाण्याची. सगळ्यांनी डोळे मिटून ते गायलं. अल्पेशने डोळे उघडे ठेवले.

"ब्रदर अल्पेश," पास्टर म्हणाला, "तुम्ही विश्वासी आहात?"

"नाही."

"मग साक्ष कशाची देणार?"

"गाण्याची." अल्पेश उभा राहिला. "गाणं रद्दी आहे."

जीवनने मान खाली घातली. पास्टरचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा अल्पेशला गाण्याहूनही भिकार वाटला.

"लिहिणाऱ्याच्या मनात एक दारुडा होता, बाकी काही नव्हतं," तो पुढे म्हणाला. "पण लिहिणाऱ्याला विचारतो कोण? संतांच्या गवळणींत दही आहे, घाट आहे, पदर ओढणं आहे. आम्ही त्यात ब्रह्म शिकवतो आणि मार्क देतो. तुम्ही आत्ता जे गायलात, त्याच्या चालीवर सिनेमात काय चालतं ते सांगू?"

मागच्या खुर्चीवर बसलेली सुकटवाली केसरमावशी फिसकन हसली.

"चाल आम्ही शुद्ध करून घेतली," पास्टर म्हणाला.

"याने शब्द शुद्ध करून घेतले. तुमचा साबण वेगळा आहे का?"

"ब्रदर, विषय गाण्याचा नाही. आज्ञा पाळण्याचा आहे." पास्टर जीवनकडे वळला. "शनिवारच्या हळदीची सुपारी परत कर. पुढच्या रविवारी मी स्वतः तुला पाण्यात घेतो."

जीवनने आपल्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाला, "त्यो मना तिथंच भेटला. मी तिथनं निघून कसा येऊ? ती मानसं अजून वराडत्यात."

"मग बाप्तिस्मा नाही."

"बरं," जीवन म्हणाला आणि उठला.

दोघे परत निघाले. अल्पेशला समाधान वाटत होतं. दोन्ही बाजूंना त्याने चांगलं सुनावलं होतं. आता हे खूळ उतरेल, बेंजोवाला बेंजोवाला राहील. बांधावर आल्यावर जीवनने बाइक थांबवली. भरती होती, खाडी काठोकाठ होती. त्याने मोबाइल आणि पाकीट सीटवर ठेवलं आणि कपड्यांसकट पाण्यात उतरला. छातीएवढ्या पाण्यात जाऊन वळला.

"ये."

"कशाला?"

"बाप्तिस्मा आपला आपुन घेता येत न्हाय. दुसरा लागतो."

"मी यातलं काहीही मानत नाही. आज सगळ्यांसमोर बोललो."

"तू कुठं घेतोस? मी घेतोय. तू नुसता दाब."

यापेक्षा मूर्ख गोष्ट अल्पेशला आयुष्यात कोणी सांगितली नव्हती. पलीकडे एक माणूस जाळं झटकत उभा होता आणि इकडेच बघत होता. उद्या हे गावभर होणार. अल्पेश कॉलेजच्या पॅंटमध्ये, बुटांसकट चिखलात उतरला. शिव्या देत उतरला.

"काय बोलायचं असतं?"

"तुझ्या तोंडून काय नको."

त्याने जीवनच्या डोक्यावर हात ठेवला आणि दाबलं. गढूळ पाणी डोक्यावरून गेलं. केस तळहाताला लागत होते. बुडबुडे आले, मग थांबले. सोडायचं कधी, हे त्याने विचारलंच नव्हतं. जीवन हालचाल करत नव्हता, धडपडत नव्हता, जणू त्याला वर यायची घाई नव्हती. अल्पेशने घाबरून दोन्ही हातांनी त्याला ओढून काढलं.

जीवन खोकला, तोंडातला चिखल थुंकला आणि डोळे पुसले.

"झालं?" अल्पेशने विचारलं.

"झालं."

"काय झालं?"

"तुला कशाला सांगू? तू मानत न्हाय ना."

काठावर येऊन जीवनने सदरा पिळला, मोबाइल आणि पाकीट उचललं, बाइकला किक मारली. शनिवारी बेंजोची नवी तार बसवायची आहे, अलिबागहून येताना आण, असं त्याने सांगितलं. अल्पेशला एक चांगलं लागट वाक्य सुचत होतं, पण ते पूर्ण होईना. तो मागे बसला. त्याने जीवनचा ओला सदरा दोन्ही मुठींनी धरला.