त्याच कुळातलं औषध

वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावच्या चौकात मोतीलालचं दोर आणि ताडपत्रीचं दुकान होतं. हैदराबादकडे जाणारे ट्रक तिथं थांबत. ड्रायव्हर ताडपत्री उलगडून उजेडात धरत, भोकं शोधत, मग भाव करत. मोतीलालची एकुलती एक मुलगी ज्योत्स्ना शाळा सुटली की दुकानात बसून अभ्यास करायची.

ती बारा वर्षांची असताना, १९९० च्या थंडीत, तिचा घसा धरला. तो आपोआप बराही झाला. पण पुढे तिचे गुडघे सुजले, मग घोटे, मग कोपर. तिची आई अनुसयाबाई तेल चोळत राहिली. पोरगी जिना चढताना धापा टाकायला लागली, तेव्हा तिला वर्ध्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू शिरला होता. त्याच्याशी लढताना शरीरानं स्वतःच्याच हृदयाची झडप दुखावली. ती झडप आता पहिल्यासारखी होणार नाही. पुन्हा तसा घसा धरू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं, तेही कित्येक वर्षं.

ते इंजेक्शन फार दुखायचं. त्या दिवशी ज्योत्स्ना लंगडत चालायची. मैत्रिणी विचारायच्या, "काऊन वं, पडली का?" ती हो म्हणायची.

बारावीनंतर तिनं हिंगणघाटच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. मोतीलालनं कारण विचारलं, तर म्हणाली, "मले त्याले पाह्याचं आहे." पहिल्या वर्षी सूक्ष्मदर्शकाखाली तो जंतू दिसला. बारीक जांभळ्या मण्यांची तुटकी माळ. तिला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. ती बराच वेळ बघत राहिली, आणि मागच्या मुली घाई करायला लागल्या तेव्हा बाजूला झाली.

१९९८ च्या डिसेंबरात दुकान उघडताना मोतीलाल शटरखालीच बसला. छाती दाबून धरली होती, सदरा घामानं भिजला होता. शेजारच्या स्पेअर पार्टवाल्या भूपेंद्रनं जीप काढली आणि मायलेकींसह त्याला मोठ्या दवाखान्यात पोचवलं. ड्यूटीवर रीता नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्या म्हणाल्या, हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं औषध द्यायचं आहे. क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो, म्हणून घरच्यांची सही लागेल.

नर्सनं खोकं टेबलावर ठेवलं. ज्योत्स्नानं नाव वाचलं, स्ट्रेप्टोकायनेज.

"हे त्याच जंतूचं आहे का?" तिनं विचारलं. "माही झडप ज्यानं खराब केली, त्याचं?"

"त्याच कुळातल्याचं," डॉक्टर म्हणाल्या. "चुलतभाऊ समज."

हे ऐकून अनुसयाबाईनं पेन खाली ठेवलं. "ज्यानं माह्या पोरीचं काळीज खराब केलं, त्याचंच औषध तुमी यायले देता? चुलत काय अन् सख्खा काय! मी नाई सही करत."

डॉक्टरांनी समजावून पाहिलं. अनुसयाबाई ऐकेना. आत मोतीलाल कण्हत होता.

ज्योत्स्ना आईसमोर उकिडवी बसली. "आई, तुह्यापेक्षा मले त्याचा जास्त राग आहे. पण हे जंतू नाई देऊन राह्यले. त्याच्यापासून काढलेलं एक प्रथिन देऊन राह्यले. बाबाचं काळीज आत मरून राह्यलं. करू दे सही."

"अन् काही झालं तं?"

"तं मी म्हटलं होतं म्हणजो."

अनुसयाबाईनं सही केली. तासाभराच्या सलाईनमधून औषध गेलं. मधेच मोतीलालचा रक्तदाब घसरला, नर्सनं थेंब कमी केले, खाटेची पायाकडची बाजू उंच केली. हिरड्यांतून थोडं रक्त आलं. मग छातीतली कळ ओसरली आणि त्यानं पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी राउंड संपल्यावर ज्योत्स्नानं डॉक्टरांना गाठलं. "जंतूले गुठळी कापायचं काय पडलं आहे?"

"जंतू शिरला की शरीर भोवती गुठळीचं कुंपण घालतं. त्याला ते तोडून पुढं जायचं असतं. पण गुठळीची प्रथिनं तो स्वतः कापतच नाही. कात्री आपलीच असते, आपल्या रक्तातली. पाती जागेवर नसलेली, निजलेली."

"मंग तो काय करते?"

डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागं चित्र काढलं. शरीराची रीत अशी, की कात्रीला एका ठरावीक जागी चीर द्यायची. मग एक टोक मोकळं होतं, वळून कात्रीच्याच आतल्या खोबणीत बसतं आणि पाती जुळतात. जंतूचं प्रथिन चीर देतच नाही. ते कात्रीला चिकटतं आणि स्वतःचं टोक त्या खोबणीत सरकवतं. तेवढ्यानं कात्रीचा आकार बदलतो आणि ती कापायला लागते. शरीराकडे तिला आवरणारं एक झाकण आहे, पण जंतूचं प्रथिन चिकटलेलं असलं की ते झाकण बसत नाही.

"अन् हे पुन्हा लागलं तं?"

"पुन्हा नाही देता येत. आता यांचं रक्त त्याला ओळखायला लागेल. पुढच्या वेळी ते औषधालाच धरेल."

मोतीलाल घरी आला, पण ताडपत्रीचे गठ्ठे उचलायची त्याला मनाई होती. पदवी हातात आल्यावर ज्योत्स्नाच दुकानात उभी राहिली. नागपूरला एमएस्सीला प्रवेश मिळाला होता, ती गेली नाही. त्याबद्दल तिनं कधी कुणाला बोल लावला नाही. कॉलेजच्या वाचनालयात मात्र जायची. तिथं एका मासिकात तिला ती रक्तातली कात्री आणि जंतूचं प्रथिन एकमेकांत गुंतल्याचं रंगीत चित्र सापडलं. ती ते मोतीलालला दाखवायला घेऊन आली. त्यानं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाला, "हे तं रस्सीची गाठ दिसून राह्यली."

२००३ मध्ये त्याला दुसरा झटका आला. हिंगणघाटच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "स्ट्रेप्टोकायनेज आधी दिलंय का?" ज्योत्स्नानं हो म्हटलं. दुसरं औषध तिथं नव्हतं. त्यांनी नागपूरला न्यायला सांगितलं. गाडीत मोतीलाल बोलत होता, कोणत्या ट्रकवाल्याची ताडपत्री शिवायची राहिली ते सांगत होता. बुटीबोरीच्या अलीकडे तो बोलायचा थांबला.

तेरवी झाल्यावर अनुसयाबाई म्हणाली, "पह्यल्यांदा ते दिलं नसतं, तं या वक्ती देता आलं असतं ना?"

"पह्यल्यांदा दिलं नसतं, तं बाबा या वक्तीपर्यंत राह्यलाच नसता."

अनुसयाबाईचं समाधान झालं की नाही, ज्योत्स्नाला कळलं नाही.

२००५ मध्ये नागपुरात डॉक्टरांनी तिची आकसलेली झडप शिरेतून आत नेलेल्या फुग्यानं रुंद केली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आंजीहून पाहुणे तिला बघायला आले. मुलगा धीरज, सायकलचं दुकान चालवणारा. इंजेक्शनाचं काढू नको म्हणून अनुसयाबाईनं आधीच बजावलं होतं. ज्योत्स्नानं चहाचा ट्रे ठेवला आणि सगळं सांगितलं.

धीरजची आई कुसुमबाई म्हणाली, "मंग लेकरंबाळं?"

"डॉक्टर हो म्हणतात. पण संभाळून."

अनुसयाबाई बशा उचलायला लागली.

"इंजेक्शन कोणत्या वारी असते?" धीरजनं विचारलं.

"सोमवारी."

"सोमवारी आमचं दुकान बंद राह्यते," तो म्हणाला, आणि त्यानं चहा संपवला.